एक वायर इकडची तिकडे: लेस पॉलचं फिफ्टीज वायरिंग, तीन महिने वाजवून

आधीच सांगतो, मी काही मोठा गिटारिस्ट वगैरे नाही. दिवसा हिंजवडीला कोड लिहितो आणि महिन्यातून दोन-तीनदा एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे भावगीतं, जुन्या मराठी सिनेमातली गाणी, मधेच कोणीतरी काका उठून फर्माईश करतात म्हणून एखादं हिंदी. गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम, कोजागिरी, कोणाची तरी साठी, असलं सगळं. त्यामुळे गिटारच्या आतल्या वायरिंगचा हा रिव्ह्यू मेटल वाजवणाऱ्यांच्या कितपत कामाचा आहे माहीत नाही, कारण माझं सगळं दुखणं व्हॉल्यूमच्या नॉबपाशी होतं आणि ती मंडळी त्या नॉबला सहसा हातच लावत नाहीत.

तर दुखणं असं. गायिका गात असते तेव्हा गिटार मागे पाहिजे, दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकला पुढे यायला पाहिजे, परत ध्रुवपद आलं की मागे. पेडलवर नाचायला जागा नसते (आमचं स्टेज म्हणजे पार्किंगमधे टाकलेल्या सहा फळ्या, त्यात ढोलकीवाला बसून अर्धी जागा खातो) म्हणून मी हे सगळं गिटारच्या नॉबवरच करतो. आणि नॉब १० वरून ६ वर आणला की आवाज नुसता कमी होत नव्हता, तो गोधडीत गुंडाळल्यासारखा व्हायचा. वरचं सगळं गायब, नुसतं घुमणं. आमचा कीबोर्डवाला एकदा प्रॅक्टिसला म्हणालाच, तुझी गिटार गाणं सुरू झालं की सर्दी झाल्यासारखी का वाजते रे.

गिटार इलेक्ट्रिक, एपिफोन कंपनीची लेस पॉल मॉडेल आहे, सेकंडहँड घेतलेली, दोन हंबकर (दोन-दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबक), चार नॉब. मागचं झाकण उघडून बघितलं तर आत मॉडर्न वायरिंग होतं. मग रात्री जागून वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि सगळीकडे एकच मंत्र, फिफ्टीज वायरिंग (१९५० च्या दशकातल्या गिटारींसारखी आतली जोडणी) कर, व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल राहतो. मी हुरळलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार वायरिंग हार्नेस (सगळं आधीच सोल्डर केलेला संच) मागवला, व्हिंटेज स्पेक वगैरे लिहिलेला, शिपिंग धरून ५,२०० रुपये.

आता या हार्नेसबद्दल खरंखरं सांगतो. दिसायला देखणा आहे, यात वाद नाही. पुठ्ठ्यावर सीटीएस कंपनीचे चार पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) बसवून दिलेले, मधे दोन नारिंगी गोळ्यांसारखे ऑरेंज ड्रॉप कॅपॅसिटर, जुन्या पद्धतीची कापडी आवरणाची वायर जी मागे सरकवली की तांबं उघडं पडतं, स्विचक्राफ्टचा जॅक. सोल्डरिंग सुबक, एकेक टाका चकचकीत. पुठ्ठ्यावरून काढून थेट गिटारमधे टाकायचा आणि पिकअपच्या वायरी जोडायच्या, अशी कल्पना.

कल्पना चांगली आहे फक्त तो माझ्या गिटारमधे जात नव्हता. सीटीएस पॉटची मान ३/८ इंचाची, म्हणजे साधारण साडेनऊ मिलीमीटर, आणि माझ्या गिटारला जी भोकं आहेत ती ८ मिलीमीटरची. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींना मेट्रिक पॉट असतात, भोकं लहान असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विक्रेत्याच्या पानावर "लेस पॉल टाइप" एवढंच लिहिलं होतं. वर आणखी एक गंमत, सीटीएसच्या दांड्याला २४ दाते आणि माझे जुने नॉब १८ दात्यांचे, म्हणजे नॉबपण नवे घ्या. विक्रेत्याला मेसेज टाकला तर म्हणे भोकं मोठी करून घ्या सर, सोपं असतं. सोपं असतं! टॉप तडकला तर तो येणार आहे का फेव्हिकॉल लावायला.

मग एका ओळखीच्याने शनिवार पेठेतल्या एका काकांचं नाव सांगितलं. नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. काका गिटारवाले नाहीतच मुळात. मंडळांचे अँप्लिफायर, इलेक्ट्रॉनिक तानपुरे, जुने रेडिओ, असलं दुरुस्त करतात, वाड्याच्या तळमजल्यावर एक खोली, तिच्यात त्यांना बसायला जेमतेम जागा आणि बाकी सगळं उघडं पडलेलं सामान. मी हार्नेस टेबलावर ठेवला.

"काका, हे बसवून द्याल का?"

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. "किती दिलेस याचे?"

सांगितले.

"अरे बाबा," ते म्हणाले, "तुझ्या गिटारमधे जे आहे तेच यात आहे. कंडेन्सरची वायर या पायावर होती ती त्या पायावर घेतलीय फक्त. ते मी आहे त्याच पॉटवर करतो. भोकं पाडायची असतील तर सुताराकडे जा, मी लाकडाला हात लावत नाही."

मी जरा पडलोच. ५,२०० रुपये देऊन आणलेली वस्तू आणि काका म्हणतात एक वायर. पण त्यांचं बरोबर होतं, शब्दशः बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे समजून घेतलं तर तुमचेपण पैसे वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हॉल्यूमच्या पॉटला तीन पाय असतात. एका टोकाच्या पायावर पिकअपची वायर येते, दुसरं टोक ग्राउंडला, आणि मधल्या पायावरून आवाज बाहेर स्विचकडे आणि पुढे जॅककडे जातो. नॉब फिरवला की मधला पाय या टोकापासून त्या टोकाकडे सरकतो, एवढंच. आता टोनचा पॉट आणि त्याचा कॅपॅसिटर (काकांच्या भाषेत कंडेन्सर) हे जोडकाम व्हॉल्यूमच्या कुठल्या पायावर लटकवायचं, हाच सगळा वाद. मॉडर्न पद्धतीत ते पिकअप जिथे येतो त्या पायावर. फिफ्टीज पद्धतीत मधल्या पायावर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूला. संपलं. लेस पॉल १९५२ साली आली पी-९० नावाचे एका कॉइलचे पिकअप घेऊन, १९५७ ला तिच्यात सेथ लव्हरने डिझाइन केलेले हंबकर बसले, ते पेटंटचा अर्ज १९५५ ला केलेले आणि "पेटंट अप्लाइड फॉर" असं स्टिकर असलेले, ज्यांच्या नावाने आज लोक जमिनी विकायला तयार होतात, तर त्या गिटारींमधे टोन या मधल्या पायावर होता म्हणून याला फिफ्टीज म्हणायचं.

यातली पहिली गोष्ट जी मला कोणीच ठळकपणे सांगितली नव्हती ती म्हणजे व्हॉल्यूम पूर्ण १० वर असताना ही दोन्ही वायरिंग एकच असतात. अक्षरशः एकच, कारण नॉब पूर्ण उघडा असला की मधला पाय टोकाच्या पायाला जाऊन टेकलेला असतो, मग टोनची वायर या पायावर लावा की त्या, करंटला काय फरक पडतो. म्हणजे जे लोक व्हिडिओत गिटार फुल्ल ठेवून "बघा किती उबदार झाला आवाज" असं सांगतात ते एकतर स्वतःला फसवतायत किंवा त्यांनी सोबत पिकअप आणि पॉटपण बदललेत.

फरक पडतो तो नॉब खाली आणल्यावर. ५०० के चा (म्हणजे ५०० किलो-ओहमचा) पॉट अर्ध्यावर आला (कानाच्या हिशोबाचा ऑडिओ टेपर असेल तर नॉबवर ते ५ ला येत नाही, ७-८ च्या आसपास येतं) की वरचा अर्धा अडीचशे के आणि खालचा अर्धा अडीचशे के, दोन्ही मिळून बाहेरच्या वायरला दिसतो १२५ के चा अडथळा. आणि पुढे तुमची केबल. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, माझी केबल ६ मीटरची, म्हणजे ६०० पिकोफॅरड. अडथळा आणि कपॅसिटन्स यांची जोडी झाली की ते फिल्टर होतं, आणि ढोबळ गणित केलं तर ते साधारण २,१०० हर्ट्झच्या वरचं कापायला लागतं. गिटारचा सगळा झगझगीतपणा, नखाचा टणत्कार, तारेचा खण्ण आवाज, दोन ते चार हजारांमधेच तर असतो. म्हणून गोधडी.

फिफ्टीज पद्धतीत टोनचा ५०० के बाहेरच्या बाजूला समांतर येतो, मग १२५ चा होतो १००, आणि ते कापणं सरकतं २,६५० च्या आसपास. शिवाय पिकअपच्या डोक्यावरचं ओझंपण हलकं होतं, आधी दोन पॉट थेट त्याच्या मानेवर बसलेले असायचे, आता व्हॉल्यूम खाली घेतला की टोनचं ओझं मधल्या रेझिस्टन्सच्या पलीकडे जातं. पाचशे-साडेपाचशे हर्ट्झचा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण बरोबर त्याच पट्ट्यात आहे जिथे गायिकेचा आवाज आणि माझी गिटार एकमेकांना ढकलत असतात.

काकांना मी विचारलं, काका, असं काही करता येईल का की दोन्ही वायरिंग एकाच गिटारमधे, बटण दाबलं की हे, परत दाबलं की ते? म्हणाले, त्यात काय, एक टॉगल स्विच आण तपकीर गल्लीतून, तीन पायांचा, मधल्या पायाला कंडेन्सर, दोन बाजूंना व्हॉल्यूमचे दोन पाय. ही आयडिया मला फार म्हणजे फारच आवडली कारण वायरिंग बदलून परत सोल्डर होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तोवर कान विसरलेला असतो आधी काय ऐकलं ते, मग माणूस पैसे दिलेल्या बाजूने निकाल देतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून लांब लावून चालत आलो, स्विच ४० रुपयांना एक असे दोन घेतले, तिथेच २२३ छापलेले साधे सिरॅमिक कॅपॅसिटरपण घेतले. (२२३ म्हणजे २२,००० पिकोफॅरड, म्हणजेच आपला ०.०२२ मायक्रोफॅरड, लेस पॉलचा ठरलेला आकडा. ४७३ असेल तर ०.०४७, तो बहुतेक फेंडर कंपनीच्या गिटारवाल्यांचा.) सात-आठ रुपयांना एक.

काकांच्या सर्व्हिसबद्दल एक तक्रार इथेच नोंदवतो, परवा या म्हणाले आणि गिटार अकराव्या दिवशी मिळाली. तीनदा चक्कर. एकदा दार बंद, एकदा दार उघडं पण काका झोपलेले. काम मात्र असं की बघत राहावं. दोन टॉगल मागच्या झाकणाबाहेर वायरींवर लटकवून दिले, दिसायला गिटारला शस्त्रक्रिया चालू असल्यासारखी, पण एक टाका कोरडा नाही. आणि मल्टीमीटरने माझे चारही जुने पॉट मोजून कागदावर लिहून दिले, सगळ्यांवर छापलंय ५०० के आणि निघाले ४३५, ४७०, ४८८ आणि ५३०. पॉटमधे २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यामुळे यात तक्रार करण्यासारखं काही नाही. सगळ्यात मोठ्या आकड्याचा पॉट नेकच्या (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपच्या) व्हॉल्यूमला लावला, एवढं त्यांनी आपणहून केलं.

मग झाली खरी परीक्षा. घरी, रविवारी, कीबोर्डवाला आणि माझी बहीण. बहिणीला गिटारमधलं काही कळत नाही आणि ती शास्त्रीय शिकते, म्हणून मुद्दाम. मी पाठ फिरवून वाजवायचो, एकजण मागून टॉगल पाडायचा, दुसऱ्याने सांगायचं बदललं की नाही. खालच्या गल्लीत ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाल्यामुळे मधे दीड तास नुसता चहा प्यायलो.

व्हॉल्यूम १० वर कोणालाही काही कळलं नाही, कळायला नकोच होतं, आणि एकदा तर कीबोर्डवाल्याने टॉगल पाडला नसतानाच "आता झालं बघ" असं मीच म्हणालो. तोंड लपवायला जागा नाही. ७ वर आणल्यावर बहिणीने दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. तिचे शब्द सांगतो कारण ते मला फार पटले, म्हणाली एकात तू लांब गेल्यासारखा वाटतोस आणि दुसऱ्यात तू इथेच आहेस पण दार लोटून घेतलंय. लांब गेलेला म्हणजे फिफ्टीज, दारामागचा म्हणजे मॉडर्न. ५ वरपण फरक स्पष्ट. ३ च्या खाली दोन्ही सारखीच मंद, तिथे फिफ्टीज काही जादू करत नाही.

आणि आता फिफ्टीजची खोड, जी विकणारे सांगत नाहीत. टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांच्या कामात नाक खुपसतात. व्हॉल्यूम ६ ला ठेवून टोन खाली आणला तर आवाजपण थोडा खाली जातो, मग व्हॉल्यूम वाढवा, मग टोन परत वेगळा वाटतो, असा खेळ. मॉडर्नमधे टोनने टोनचं काम करायचं आणि व्हॉल्यूमने व्हॉल्यूमचं, बरंचसं सरळ. पहिला आठवडा मला याचा प्रचंड त्रास झाला, एका कार्यक्रमात म्युझिक पीस सुरू झाला आणि माझी गिटार ऐकूच येईना कारण आधीच्या गाण्याला टोन ३ वर ठेवलेला. नंतर मात्र हात शिकतो. उलट टोन ४-५ आणि व्हॉल्यूम ७ या जोडीत नेक पिकअपचा असा एक गोलसर आवाज मिळतो, बासरी आणि सारंगीच्या मधला काहीतरी, जो मॉडर्नमधे त्याच आकड्यांवर मिळत नाही, तिथे तो चिखल होतो. भावगीताच्या मधल्या पीसला तो आवाज म्हणजे... जाऊदे, ऐकवायलाच पाहिजे, लिहून काय सांगणार.

एक गोष्ट दोन्ही वायरिंगमधे तशीच राहते, मधल्या पोझिशनला दोन्ही पिकअप चालू असताना एकाचा व्हॉल्यूम शून्य केला की सगळी गिटारच बंद. बऱ्याच जणांना वाटतं गिटार बिघडली. बिघडलेली नाही, त्या शून्यावरच्या पॉटने सगळा आवाज ग्राउंडला नेला. हे टाळायला पॉटचे पाय उलटे जोडून दोन्ही वेगवेगळे करता येतात पण मग ट्रेबल आणखीन मरतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कॅपॅसिटरचंपण करून बघितलं, राहवलं नाही. हार्नेसमधला ऑरेंज ड्रॉप एकीकडे, तपकीर गल्लीतला सिरॅमिक दुसरीकडे. टोन १० वर तिघांनाही शून्य फरक. टोन ० वर बहिणीला थोडा फरक वाटला, मग मोजून बघितलं तर ऑरेंज ड्रॉप २१.८ नॅनोफॅरड (मायक्रोफॅरडचा हजारावा भाग म्हणजे एक नॅनो) आणि सिरॅमिक १७.९, म्हणजे आकडाच वेगळा, आकडा जवळ असलेला दुसरा सिरॅमिक शोधून लावला तर तिलाही ओळखता येईना. आता जुने कागद-तेलाचे कॅपॅसिटर हजारो रुपयांना घेणाऱ्यांशी मला भांडायचं नाहीये, हौसेला मोल नाही. पण गिटारच्या सर्किटमधे व्होल्टेजच इतकं किरकोळ असतं की कॅपॅसिटर कशाचा बनलाय यापेक्षा तो किती नॅनोचा आहे हेच ऐकू येतं, निदान आमच्या तीन जोड्या कानांना.

आता ज्यांच्याकडे लेस पॉल नाही त्यांच्यासाठी थोडंसं. आमच्या बेसवाल्याच्या भावाकडे फेंडरची स्ट्रॅट (तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलच्या पिकअपची गिटार) आहे, जुन्या पद्धतीने वायर केलेली. स्ट्रॅट १९५४ ची, आणि तिच्या मूळ वायरिंगमधे ब्रिज पिकअपला (तारांच्या खालच्या टोकाजवळच्या) टोनच नाही, एक टोन नेकला आणि एक मधल्याला. त्यामुळे ब्रिजवर गेलं की कानात सुई. हे बदलायलासुद्धा स्विचच्या पायांवर एक छोटी वायर पुरते, परत एक वायर! आणि पाच जागांचा स्विच कंपनीने दिला १९७७ ला, त्याआधी तीनच जागा होत्या, लोक स्विच मधेच अडकवून ते दोन पिकअपचे आवाज काढायचे. व्हिंटेजच्या नावाखाली तीन जागांचा स्विच परत बसवणाऱ्याला मी हात जोडतो. स्ट्रॅटमधे मॉडर्नचा खरा फायदा वेगळाच आहे, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळे २ आणि ४ नंबरच्या जागी हम रद्द होतो. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचे, त्यामुळे तो घुंss आवाज आणि त्याचे वरचे नातेवाईक, आणि गणपतीत मांडवाच्या लायटिंगचे डिमर चालू असले की विचारूच नका, गणपती बाप्पासमोर उभं राहून सिंगल कॉइल वाजवणं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात माइक लावणं. फेंडरच्याच जुन्या टेलीकास्टरमधे, १९५२ ते १९६७ वाल्या, तर दोन्ही पिकअप एकत्र वाजायचेच नाहीत, नेकच्या जागी एक भलताच अंधारलेला बेससारखा आवाज यायचा, मी एकदा वाजवून बघितला, दोन मिनिटं मजा आली.

हमवरून आठवलं. जुन्या वाड्यात कार्यक्रम असेल आणि तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ते ठीक आहे, तारा ग्राउंडला जोडलेल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. पण माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरिंग व्हिंटेज की मॉडर्न हा विषय सोडा आणि आधी प्लगला अर्थिंग आहे का बघा. आमच्या एका कार्यक्रमाला तिसऱ्या पिनच्या जागी आगपेटीची काडी खुपसलेली होती. मी गिटार पेटीत घातली आणि म्हणालो आज मी टाळ वाजवतो.

मॉडर्नच्या बाजूने आणखी बोलायचं तर चार वायरींचे पिकअप. जुन्या हंबकरला एकच वायर आणि भोवती धातूची जाळी, नव्यात दोन्ही कॉइलची दोन-दोन टोकं बाहेर येतात, मग नॉब वर ओढला की कॉइल स्प्लिट (दोनपैकी एकच कॉइल चालू), फेज, सिरीज-पॅरलल, काय वाटेल ते. माझ्या गिटारला ते नाही, मित्राच्या गिटारवर वाजवलंय. स्प्लिट केल्यावर स्ट्रॅट मिळते असं सांगतात, मला तरी उपाशी हंबकर मिळतो. पॅरलल मात्र आवडला, हम येत नाही आणि आवाज हलका होतो. हल्ली काही गिटारींमधे, अगदी महागड्यांमधेसुद्धा, आत वायरींऐवजी सगळं प्रिंटेड बोर्डवर येतं, प्लग लावायचा की झालं. काकांना त्याबद्दल विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसतं समोर पडलेल्या एका बंद अँप्लिफायरकडे बोट दाखवलं ज्याचा बोर्ड मिळत नाही म्हणून तो दोन वर्षं तिथे पडलाय.

ट्रेबल ब्लीड हा तिसरा उपाय, व्हॉल्यूमच्या पायांवर एक छोटा कॅपॅसिटर, बहुतेक एक रेझिस्टर सोबत. केला होता आठवडाभर, ०.००१ मायक्रोफॅरड आणि दीडशे के. माझ्या हंबकरवर व्हॉल्यूम ४ ला आणल्यावर आवाज पत्र्यासारखा झाला, म्हणून काढला. सिंगल कॉइलवाल्यांनी करून बघावा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, जो मी शेवटी करून बघितला आणि जो पहिला करायला हवा होता, म्हणजे ६ मीटरची केबल काढून ३ मीटरची लावणे. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. पहिल्याच पेडलला बफर (सिग्नलला पुढच्या केबलपासून वाचवणारं छोटं सर्किट) असेल तर पुढची केबल मोजण्यात येतच नाही, त्यामुळे तुमच्याकडे तसलं पेडल गिटारजवळ असेल तर फिफ्टीज करून तुम्हाला माझ्याइतका फरक कदाचित जाणवणारच नाही.

सध्या काय ठेवलंय ते सांगतो. टॉगल काढून टाकले. नेक पिकअपला फिफ्टीज, ब्रिजला मॉडर्न. दोन्हीचे व्हॉल्यूम-टोन वेगळे असल्यामुळे असं अर्धं-अर्धं करता येतं, याला कोणाची परवानगी लागत नाही. नेकवर मी गायिकेच्या मागे वाजवतो, तिथे व्हॉल्यूम सतत वर-खाली होतो, तिथे तो मोकळेपणा पाहिजे. ब्रिज फक्त जोरात वाजवायच्या जागी, तिथे व्हॉल्यूम खाली आणला तर थोडा ट्रेबल गेलेलाच बरा, कान वाचतात. कीबोर्डवाला गेल्या कार्यक्रमानंतर सर्दीबद्दल काही बोलला नाही, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्याच्याकडून मिळणार नाही.

काकांचं बिल ३५० रुपये झालं, चारही पॉटमधे क्लीनर मारून खरखर घालवली ती धरून. त्यांच्याकडे जायचं असेल तर वेळ हाताशी ठेवून जा आणि दुपारी जाऊ नका. हार्नेसला वस्तू म्हणून चार स्टार, माझ्या गरजेसाठी दीड. तो अजून पुठ्ठ्यावर तसाच आहे, दोन्ही ऑरेंज ड्रॉप परत जागेवर सोल्डर करून ठेवलेत. कोणाला लेस पॉलसाठी हवा असेल तर अर्ध्या किमतीत देतो, पण आधी भोकं मोजून या.